हेमकळेचा निळा

एका राज्यात निळा रंगच नव्हता. आभाळ पांढरं, तळी पांढरी, नीळकंठ पक्षीसुद्धा राखेच्या रंगाचा. झालं होतं असं, की एका मांत्रिकाने विणलेली निळी शाल दरबारात कोणी वाखाणली नाही. स्वारी रुसली. राज्यातली सगळी निळाई तिने शालीत गुंडाळली, काखोटीला मारली आणि एक शाप पुटपुटून चालती झाली. तो शाप फक्त नीळकंठाने ऐकला. निळाई गेली तशी माणसांची स्वप्नंही गेली. लोक झोपत आणि रिकामेच उठत.

राजाच्या रंगशाळेत हेमकळा नावाची रंगारीण होती. हात सोन्याचे, पण खोड भारी वाईट. कापड रांजणातून काढलं रे काढलं, की विचारायची, "कसं झालंय?" समोरच्याची भुवई जरा हलली, की हिचा जीव खालीवर.

एके दिवशी नीळकंठाने तिच्या ओंजळीत तीन पानं टाकली.

"ही निळीची शेवटची पानं. एका पानाचा एक रांजण," तो म्हणाला.

हेमकळा राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, मला चाकरी सोडून स्वतःची रंगशाळा काढायची आहे. निळ्या रंगाची."

"तीन रांजणांची मुभा दिली," राजा म्हणाला. "नाही साधलं, तर जन्मभर माझ्या रंगशाळेत भांडी घासशील."

"मान्य, महाराज."

नदीकाठी तिने पहिला रांजण लावला. कापड बाहेर आलं ते ओलं, हिरवट. शेजारी तिचे काका उभे होते, जुने रंगारी. तिला राहवलं नाही.

"काका, कसं झालंय?"

"गवत गं, गवत! गाय येऊन खाईल."

लगेच कापडाचं गवत झालं. गाय आली आणि खाऊन गेली.

दुसऱ्या रांजणाच्या वेळी राणीसाहेब पालखीतून उतरल्या.

"कसं झालंय, राणीसाहेब?"

"अगंबाई, किती छान! शेवाळ्यासारखं मऊ."

हेमकळा हरखली. कौतुक झालं ना! तेवढ्यात कापड हातातून निसटलं आणि शेवाळं होऊन घाटाच्या पायरीला चिकटलं. मग मात्र ती तिथेच बसून ढसाढसा रडली.

"माझं चुकतंय तरी कुठे?" तिने नीळकंठाला विचारलं.

"हेही मलाच विचारतेस?" तो म्हणाला. "बरं, ऐक. मांत्रिकाचा शाप असा आहे: निळीत कापड रंगवणारा ज्याला विचारील, त्याच्या शब्दासारखं कापड होईल. नावं ठेवली तरी, आणि वाखाणलं तरी."

"मग न विचारता मला कळणार कसं?"

"वाऱ्यावर टाक. थांब. बघ."

तिसऱ्या रांजणाला सारं गाव लोटलं. कापड वर आलं, आणि पुन्हा हिरवटच! काका खाकरले. राणीसाहेबांनी मान पुढे केली. राजा स्वतः म्हणाला, "काय गं, आम्हाला विचारत नाहीस?"

प्रश्न अगदी जिभेवर आला होता हो! महाराजांच्या तोंडून एक 'छान' ऐकायला ती लहानपणापासून आसुसलेली. डोळे भरले.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "वाळू द्या."

तिने कापड दोरीवर टाकलं आणि लोकांकडे पाठ करून बसली. वारा आला. कापडाच्या काठाकडून एक रंग हळूहळू चढू लागला, ज्याचं नाव लोक विसरून गेले होते. मग तो दोरीवरून नदीत उतरला, नदीतून आभाळात गेला. नीळकंठाने पंख उघडले, तर निळे. दूर डोंगरापलीकडे मांत्रिकाची शाल पांढरी पडली. त्या रात्री अख्ख्या राज्याला स्वप्नं पडली.

आभाळाला आभाळाची निळाई मिळाली, हेमकळेला हेमकळेची रंगशाळा.

पहिल्याच दिवशी काका आले. कापड बोटांनी चाचपून म्हणाले, "जरा गडदच झालंय."

"झालं असेल, काका," हेमकळा म्हणाली, आणि तिने पुढचं कापड रांजणात सोडलं.