न उघडलेले इंजिन

एकदा एका माणसाने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतले. त्याचे नाव श्रीरंग. तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो साहाय्यक होता. विमानाचे सुटे भाग पेटाऱ्यांत भरून मिळतात, सोबत नकाशे येतात, आणि चिकाटी असेल त्याने ते घरी जोडायचे, असा तो प्रकार. सात वर्षांचे रविवार आणि सगळ्या सुट्ट्या त्या शेडमध्ये गेल्या. पंख झाले, शेपूट झाली, दोन माणसांपुरती बैठक झाली. पंखांवरचे कापड त्याची पत्नी मुक्ता हिने स्वतः शिवून, ताणून बसवले होते.

राहिले होते ते इंजिन. कोरे इंजिन आवाक्याबाहेरचे, म्हणजे कोणीतरी वापरलेलेच घ्यावे लागणार. आणि इथेच घोडे पेंड खाऊ लागले.

तोवर श्रीरंगाला भीती ठाऊक नव्हती. पंखातला एकेक रिव्हेट त्याच्या ओळखीचा होता. इंजिन मात्र परक्या हातून येणार. ते कोणी किती तापवले, कधी आपटले, आत काय झिजले, हे त्याला कोण सांगणार? रस्त्यात मोटार बंद पडली तर माणूस उतरून ढकलतो. आकाशात उतरायचे कुठे? हा विचार एकदा मनात शिरला तो निघेना. प्रात्यक्षिक चालू असताना प्रयोगशाळेतला पंखा जरा खडखडला तरी तो धावत जाऊन त्याचे बटण बंद करी. दीड वर्षात त्याने चार इंजिने पाहिली आणि चारही वेळा काही ना काही निमित्त सांगून तो परत आला. शेडमध्ये विमान नाकाच्या जागी भोक घेऊन उभे होते. हळूहळू त्याने तिकडे जाणेच टाळले.

शेवटी तो भार्गवकाकांकडे गेला. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. लहान विमानांची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांनी चाळीस वर्षे घालवली होती, आणि आता गावाच्या टोकाला दोन खोल्यांत राहून ते दोडकी-कारली लावत असत.

श्रीरंग म्हणाला, "काका, एक इंजिन निवडून द्या. तुम्ही 'चांगलं आहे' म्हणालात की माझी भीती जाईल."

"कसली भीती?"

"हवेत बंद पडेल, याची."

काकांनी हातातले दोडके खाली ठेवले. मग म्हणाले, "वाक्य फार मोठं आहे, श्रीरंग. याला कुठला पाना लावायचा?"

काका सोबत यायला तयार झाले, तेवढ्याने त्याला बरे वाटले.

दोघे शहरात जुन्या यंत्रसामग्रीच्या एका व्यापाऱ्याकडे गेले. त्याच्या गोदामात विमानाची दोन इंजिने होती. एक लोखंडी चौकटीवर चढवलेले, नुकताच रंग दिलेले, आरशासारखे लखलखीत. दुसरे कोपऱ्यात लाकडी फळ्यांवर ठेवलेले, तेलाच्या डागांनी काळवंडलेले.

"हे पाहा," शेठ पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "फक्त तीनशे तास चाललंय. एका हौशी गृहस्थांचं. अकरा वर्षं झाकून ठेवलं होतं त्यांनी, धुळीचा कण बसू दिला नाही."

"आणि ते?"

"ते विमान चालवायला शिकवतात ना, त्या शाळेतलं. गेल्या महिन्यापर्यंत रोज उडत होतं. चौदाशे तास झालेत. शिकाऊ पोरांनी त्याला काय काय सोसायला लावलं असेल, ते त्यालाच ठाऊक. तुम्हाला मी पहिलंच सुचवीन."

त्यांनी लखलखीत इंजिन चालू करून दाखवले. पहिल्याच फेऱ्यात ते सुरू झाले आणि एका लयीत चालू लागले. खोकला नाही, धूर नाही, थरथर नाही. श्रीरंग डोळे मिटून ऐकत राहिला. मानेवर दीड वर्षे बसलेले काहीतरी उठून गेल्यासारखे त्याला वाटले. डोळे उघडले तेव्हा भार्गवकाका इंजिनाकडे पाहतच नव्हते. ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"काय रे, भीती वाटते?"

"नाही, काका. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. अजिबात नाही!"

"मग हे घ्यायचं नाही," काका म्हणाले, शेठना नमस्कार केला, आणि काठी टेकत गोदामाबाहेर पडले.

श्रीरंग त्यांच्यामागे निघाला. बसथांब्यावर पोचेपर्यंत श्रीरंगाचा संताप अनावर झाला होता.

"तुम्ही हात तरी लावलात का त्याला? दोष काय होता ते तरी सांगा!"

"आज सांगितलं तर तू माझं ऐकशील," काका म्हणाले. "ते मला नको आहे."

पुढचे आठ दिवस श्रीरंगाला फार जड गेले. भीती दुपटीने परत आली होती. तो मनातल्या मनात त्या इंजिनाचा आवाज आठवायचा, आणि आठवत असेतोवर छाती मोकळी व्हायची. नवव्या दिवशी त्याने ठरवले, म्हाताऱ्याचे वय झाले आहे. विसार घेऊन तो एकटाच शहरात गेला.

शेठनी इंजिन पुन्हा चालवून दाखवले. तोच आवाज, तीच लय, आणि तसेच हलके झालेले मन. मग शेठनी कळ बंद केली. गोदामात शांतता पसरली, आणि शांततेबरोबर ती भीती परत आली. श्रीरंग दचकला. म्हणजे भीती गेली नव्हतीच. आवाजाखाली फक्त झाकली जात होती.

त्या शांततेत तो इंजिनासमोर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या भीतीला नीट विचारले, तू नेमकी कशाची? उत्तर यायला वेळ लागला. बंद पडण्याची, हे उत्तर नव्हते. ते फार मोठे होते. बंद कशाने पडेल? हे इंजिन अकरा वर्षे झाकून ठेवलेले. आणि त्याला एकाएकी प्रयोगशाळेतले कपाट आठवले. मुले रोज हाताळतात ती उपकरणे वर्षानुवर्षे चकचकीत राहतात. जपून, कापडात गुंडाळून ठेवलेली उपकरणे बाहेर काढावीत तर लाल झालेली असतात.

गंज. त्याच्या भीतीला नाव मिळाले. आणि या नावाला पाना लागत होता.

"शेठ, एक सिलिंडर काढून आत पाहायचं आहे."

"अहो, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता? ऐकलंत ना कसं चालतंय?"

"ऐकलं. आता पाहायचं आहे. नाही दाखवलंत तर घेणार नाही."

शेठ कुरकुरले, पण त्यांनी मिस्त्रीला हाक मारली. तासाभराने सिलिंडर निघाला. त्याच्या जागी पडलेल्या भोकातून मिस्त्रीने हातभर लांब दांडीचा छोटा आरसा आत घातला, विजेरी धरली, आणि आरसा पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

"काय दिसतंय?" शेठनी विचारले.

मिस्त्रीने आरसा श्रीरंगाच्या हाती दिला. इंजिनाच्या झडपा उघडमीट करणारा जो दांडा आत फिरतो, त्याचे उंचवटे काचेसारखे गुळगुळीत असायला हवेत. ते देवीचे व्रण असावेत तसे खड्ड्यांनी भरले होते. मिस्त्रीने आत बोट फिरवून बाहेर काढले. बोटावरच्या तेलात बारीक चमचमणारा चुरा होता.

"दांडा झिजायला लागलाय," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "अजून चाळीस तास चाललं असतं, कदाचित पन्नास. मग या चुऱ्याने बाकीचं खाल्लं असतं."

मागच्या आठवड्यात हे इंजिन घ्यायला तो भांडला होता. चाळीस तास, म्हणजे आपण कुठे असतो? किती उंचीवर? शेजारी कोण बसलेले असते?

तो शेठवर ओरडणार होता. पण शेठ एका खोक्यावर मटकन बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला खरंच माहीत नव्हतं हो," ते म्हणाले. "मीही आवाजच ऐकला होता. त्या गृहस्थांकडून मी दोन इंजिनं आणली होती. दुसरं गेल्या वर्षी विकलं. असंच चालवून दाखवून."

त्यांनी लगेच त्या गिऱ्हाइकाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गोदामात तीन माणसे एका फोनकडे पाहत होती. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला.

"बोला शेठ. मळ्यात होतो, ऐकू नाही आलं."

"उडवताय का हो ते?"

"परवाच उडवलं. झकास चालतंय. रविवारी भावाला घेऊन जाणार आहे."

"नका जाऊ," शेठ म्हणाले. "पाया पडतो तुमच्या, नका जाऊ. मी उद्या माणूस पाठवतो. आधी एक सिलिंडर उघडू आणि पाहू."

श्रीरंग तसाच भार्गवकाकांकडे गेला. काका वेलांना पाणी घालत होते. सगळे ऐकून त्यांनी झारी खाली ठेवली.

"काका, गंज असणार हे तुम्हाला कळलं होतं?"

"छे! मला कसं कळणार? उघडलं असतं आणि आत स्वच्छ निघालं असतं, असंही होऊ शकलं असतं."

"मग नको का म्हणालात?"

काका ओट्यावर बसले, आणि त्यालाही त्यांनी शेजारी बसवून घेतले.

"तू गोदामात शिरलास तेव्हा भ्यालेला होतास. तासाभराने तुझी भीती गेली होती. त्या तासात एकही नट सुटला नव्हता, तेलाचा एक थेंब कोणी तपासला नव्हता. मग ती गेली कशाने? आवाज गोड होता, रंग नवा होता, आणि शेजारी एक म्हातारा उभा होता, म्हणून. यातलं काहीच तुला आकाशात धरून ठेवणार नव्हतं. भीती हा आपल्याला पडलेला प्रश्न असतो, श्रीरंग. उत्तर मिळाल्यावर ती गेली तर चांगलंच. पण उत्तराशिवाय गेली, तर प्रश्न इंजिनातच राहतो आणि आपण निर्धास्त होऊन वर जातो. मी ते इंजिन नाकारलं नाही. तुझं ते निर्धास्त होणं नाकारलं." ते किंचित थांबले. "लोकांना वाटतं, मला इंजिन कळतं. मला फक्त नेमकं कशाला भ्यावं, तेवढं कळतं. चाळीस वर्षांत मी एकाही इंजिनाच्या कागदावर न भिता सही केली नाही. एकदाच केली होती."

त्या एकदाविषयी श्रीरंगाने विचारले नाही. काकांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे धैर्य झाले नाही.

पुढे त्याने ते काळवंडलेले इंजिन घेतले. त्याच्यासोबत जाडजूड नोंदवही होती. कधी काय बिघडले, कोणी काय बदलले, सारे तिच्यात होते. तरीही पाच महिने तो आणि काका ते उघडत होते. एक झडप जळालेली निघाली, ती बदलली. एका सिलिंडरला केसाएवढी चीर होती, तो बाद केला. रोज सकाळी श्रीरंग आपल्याला आज कशाची भीती वाटते ते सांगे, आणि काका म्हणत, "ठीक. मग आज तिथून सुरू करू." काही भीतींना पान्याने उत्तर मिळाले. काहींना मिळणारच नव्हते, आणि त्या कोणत्या हेही त्याला कळत गेले.

तपासण्या झाल्या, परवानगी आली. नियमाप्रमाणे आरंभीची उड्डाणे त्याने एकट्याने केली. प्रत्येक वेळी तळहातांना घाम फुटला, आणि प्रत्येक वेळी तो सुखरूप खाली आला. मग एके दिवशी मुक्ता म्हणाली, "आता मी येते."

"भीती नाही वाटत?"

"मला कसली भीती? तुम्ही बनवलंय ना?"

ती हसत म्हणाली होती. श्रीरंगाला मात्र गोदामात उभे असल्यासारखे झाले. तो तिला शेडमध्ये घेऊन गेला, इंजिनावरचे झाकण काढले, आणि एकेक गोष्ट दाखवू लागला. हे कशाने तुटू शकते. हे तपासले आहे. हे तपासता येत नाही. इंधनाची ही नळी तुंबली तर हातात किती क्षण उरतात. मुक्ताचे हसू मावळले. तिने ती नळी बोटाने चाचपून पाहिली. ती आता नाही म्हणेल, सात वर्षे शिवलेले, ताणलेले सारे तिथेच थांबेल, असे त्याला वाटले. तरी तो काही झाकून बोलला नाही.

अखेर तिने विचारले, "बंद पडलं तर उतरवाल कुठे?"

त्या दुपारी दोघे धावपट्टीच्या टोकापासून पुढची शिवारे पायी हिंडले. कुठे बांध उंच आहे, कुठे विजेच्या तारा गेल्या आहेत, कुठे ज्वारी काढून रान मोकळे झाले आहे, हे मुक्ता स्वतः पाहत होती आणि त्याला दाखवत होती. एका सपाट पडीक रानात ती थांबली. ढेकळे पायाने फोडून तिने जमीन किती भुसभुशीत आहे ते पाहिले.

"इथे?" तिने विचारले.

"इथे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या शेजारी बसली. तिचा हात गार पडला होता, आणि डोळे उघडे होते.

आपल्याला कोणी धीर दिला, तर त्याचे आभार जरूर मानावेत. पण त्याने आपल्याला काय उघडून दाखवले, तेवढे एकदा आठवून पाहावे.