बोलती वेस आणि जामदाराचे डोळे

एका राज्यात, जिथे पोपट सल्ला देत आणि माणसं तो ऐकत नसत, चिंधोजी नावाचा म्हातारा जामदार होता. राजाचा खजिना त्याच्या हवाली. खजिन्यावर शापित नाग निजलेला असे. दर पुनवेच्या सकाळी दारावरच्या ताम्रपटावर नवा श्लोक उमटे. जामदारानं तो मोठ्यानं वाचायचा, की नाग महिनाभर झोपे. चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

मग चिंधोजीला अक्षरं धुरकट दिसू लागली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. एक जुना श्लोक पाठ होता, तोच ठणकावून म्हटला. नागानं डोळा उघडला, आणि राजा गुडघ्यांपर्यंत दगड झाला. पुढच्या पुनवेला कमरेपर्यंत. मांत्रिकांनी इतकी लिंबं कापली की बाजारात लिंबू मिळेना. खरं कारण एकट्या चिंधोजीला ठाऊक होतं, आणि ते पोटात ठेवून तो पार थकला होता.

घरचा पोपट म्हणाला, "जामदार, डोंगरावर नेत्रजोगीण आहे. आजच निघा."

"एवढी पुनव होऊ दे."

"ही पुनव राजाच्या काळजापर्यंत जाईल."

चिंधोजी निघाला. पाच दिवस चालला. डोंगराच्या पायथ्याला बोलती वेस होती.

"कशाला आलास?" वेशीनं विचारलं.

"देवदर्शनाला."

पापणी लवते न लवते तोच तो आपल्याच उंबऱ्यावर बसलेला होता. पुन्हा पाच दिवसांची चाल, पुन्हा तोच प्रश्न. "भाचीच्या लग्नाला," तो म्हणाला. पुन्हा उंबरा. तिसऱ्या खेपेला वेशीशी पोहोचला आणि मटकन खाली बसला. खोटं रचायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

"मला दिसत नाही, बाई. मी लपवलं. माझ्यापायी राजा दगड होतोय."

वेस उघडली.

जोगिणीनं दोन्ही डोळे पाहिले. "डाव्यात मोतीबिंदू आहे, तो निघेल. उजव्यात काचबिंदू. त्यानं गिळलेली नजर मलाही आणता येत नाही. धुरकट दिसलं तेव्हाच यायचं होतंस."

तिनं डाव्या डोळ्यातून मोती काढून त्याच्या तळहातावर ठेवला. चिंधोजी त्याच्याकडे पाहतच राहिला. इतकं स्वच्छ त्याला कित्येक दिवसांत काही दिसलं नव्हतं.

पुनवेला त्यानं नवा श्लोक अक्षर अन् अक्षर वाचला. नागानं डोळा मिटला. राजाच्या अंगावरचा दगड भिंतीच्या पोपड्यांसारखा गळून पडला.

पोपटाकडून सारं कळल्यावर राजा स्वतः चालत खजिन्यापाशी आला. चिंधोजी ताम्रपट पुसत होता. त्यानं मान वळवली नाही.

"जामदार, मला का नाही सांगितलंत?"

म्हातारा दचकला. आवाज उजवीकडून आला होता. "वाटलं, काम काढून घ्याल, महाराज."

"मी पालखी दिली असती," राजा म्हणाला.

चिंधोजीला तीन वेळची ती वाट आठवली, आणि त्याला हुंदका आवरेना. राजा वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि तिथेच उभा राहिला, म्हाताऱ्याला दिसेल असा.

नाग निजला, राजा चालू लागला, जामदार निवांत टेकला. कहाणी इथे पुरी झाली.