आमेननंतरची उसंत

वसईकडच्या एका गावात बावतीस नावाचा माळी राहत होता. पानवेलींची त्याची वाडी लहान होती, पण आवाज गावभर पोचायचा. मे महिन्यात रोज संध्याकाळी लोक गावच्या क्रुसासमोर जमत, तेव्हा जपमाळ तोच सांगे. अर्धी प्रार्थना त्याने म्हणायची, उरलेली अर्धी लोकांनी, असा रिवाज होता. पण लोकांचं ‘आमेन’ पुरतं व्हायच्या आतच बावतीसचं पुढचं ‘नमो मरिये’ सुरू होई. मध्ये जरा शांतता पडली की त्याचा जीव घाबरा होत असे.

नऊ वर्षांपूर्वी त्याचा मुलगा याकोब तापाने गेला होता. तेव्हापासून देव कुठे आहे हेच बावतीसला कळेनासं झालं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. देव लांब गेला असेल तर मोठ्याने हाक मारायला हवी, एवढंच त्याला सुचलं.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होता होता त्याचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, “दोन महिने एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल.”

बावतीसने एक पाटी आणली. घरी येऊन तिच्यावर लिहिलं, ‘आता देवाला माझं कसं ऐकू जाणार?’

बायको कातरीन बोंबील साफ करत होती. तिने वाचलं आणि म्हणाली, “इतकी वर्षं त्याला एक वाक्य तरी पुरं करू दिलंत का? आता त्याची पाळी.”

तो पाटी घेऊन फादरांकडे गेला. फादर म्हणाले, “रोज अर्धा तास क्रुसासमोर बसा. मनातसुद्धा काही म्हणू नका.”

उन्हं कलली की बावतीस जाऊन बसू लागला. पहिल्या दिवशी मनातल्या मनात अख्खी जपमाळ होऊन गेली. दुसऱ्या दिवशी मेणबत्तीचं घर तिरकं दिसलं, आणि ते सरळ करण्यातच वेळ संपला. सातव्या दिवशी त्याने पाटीवर लिहिलं, ‘जमत नाही.’

फादरांनी वाचलं. “बरं,” ते म्हणाले, “उद्याही जा.”

आठव्या दिवशी त्याला याकोब आठवला. वेलींना पाणी देताना मुद्दाम बापाच्या पायांवर पाणी सोडून हसणारा. ही आठवण वर आली की बावतीस मोठ्याने प्रार्थना सुरू करी, आणि ती पुन्हा खाली जाई. आज ती सोय नव्हती. घरी जावं म्हणून तो अर्धा उठलाही. मग पुन्हा खाली बसला.

आवाज न करता तो खूप वेळ रडला. नऊ वर्षं झाकून ठेवलेलं उघडं पडलं, आणि तिथे तो एकटा नव्हता. मयतीच्या घरी कुणी काही न बोलता शेजारी येऊन बसावं, तसं त्याच्या आत कुणीतरी बसलेलं होतं. ते आज आलेलं नव्हतं. याकोब गेला त्या दिवसापासून तिथेच होतं.

घरी येऊन बावतीसने पाटी पुसली आणि ‘याकोब’ एवढंच लिहिलं. कातरीनने हात पदराला पुसले आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

मे उजाडला तेव्हा आवाज परत आला होता, थोडा खरखरीत. पहिल्या संध्याकाळी क्रुसासमोर बावतीसने प्रार्थना सांगितली, लोकांनी ती पुरी केली. ‘आमेन’ झालं. बावतीस गप्प राहिला. शेजारच्या वाडीतल्या केळीची पानं हलल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

म्हातारे सांतानकाका म्हणाले, “काय रे, विसरलास काय?”

“विसरले नाहीत, काका,” कातरीन हळूच म्हणाली. “ऐकतायत.”

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तेही गप्प बसले.

तात्पर्य: देव आपल्या हृदयातच असतो; जे दुःख आपण शब्दांनी झाकतो, त्याच्यापाशी निमूट बसलं की तो तिथेच भेटतो.