लिंबाजी कासाराचा पहारा

निवांत महाराज त्या वर्षी आवळदरी गावी मुक्कामाला होते. ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळातली ओवरी, एक घोंगडे आणि पाण्याचा तांब्या एवढाच त्यांचा संसार. महाराजांचा पाय गावाला लागला म्हणून गावकऱ्यांनी हौसेने अखंड हरिनामाचा सप्ताह मांडला. सप्ताहाची रीत आपल्याला ठाऊकच आहे. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने ती गळ्यात घ्यायची, आणि देणाऱ्याने व घेणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडायचे. तिथे लहानमोठा हा भेद नाही.

सप्ताहाचे चालक होते जयवंतराव देशमुख. माणूस नेमाचा, पण नेमापेक्षा नेमाचा ताठा मोठा! वीणा देताना ते नुसती मान हलवत. देशमुखांच्या कंबरेला वाकायची सवय नाही, असे गाव त्यांच्यामागे हसून म्हणे.

याच गावात लिंबाजी कासार राहत असे. गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरणे हा त्याचा धंदा. हात इतका हलका, की रडणारी पोरगीही बांगडी मनगटात गेली तरी त्याच्या तोंडाकडेच बघत राही! दुपारच्या वीणेचा पहारा त्याच्या वडिलांपासून त्याच्या घराकडे होता आणि त्याने तो कधी चुकवला नव्हता. पण सप्ताहाच्या आधीच त्याच्या बायकोचे, सगुणाचे, जिल्ह्याच्या दवाखान्यात पोटातल्या गाठीचे ऑपरेशन झाले. तिथे हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या, तेव्हा लिंबाजीने स्वतः एकेक बांगडी अशी उतरवली की एकही फुटली नाही. त्या सगळ्या दोऱ्यात ओवून त्याने घरी खुंटीला टांगून ठेवल्या होत्या.

घरात दोघेच. तेव्हा पेज शिजवणे, सगुणाला कुशीवर वळवणे, वेळेवर गोळ्या देणे, तिची लुगडी धुणे, सगळे लिंबाजीच करी. हे करताना तोंडात नाम चालूच असे. ओढ्यावर लुगडे पिळताना जयवंतरावांनी त्याला पाहिले आणि चार माणसांत म्हणाले, "बायकांना बांगड्या भरता भरता लिंबाजीनं सोताच भरून घेतल्या वाटतं!"

मंडळी हसली. लिंबाजीही हसला आणि म्हणाला, "देशमुख, तिनं माझी धोतरं धुतली तवा कुणी हसलं न्हाई बगा." आणि लुगडे झटकून वाळत घातले.

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी मात्र कठीण वेळ आली. सकाळपासून सगुणाचे अंग तापू लागले. टाक्यांच्या कडेला लाली दिसत होती. शेजारचा माणूस डॉक्टरांना आणायला सायकलवरून तालुक्याला गेला. लिंबाजी मिठाच्या पाण्याच्या घड्या कपाळावर ठेवत होता आणि ऊन चढत होते. पहाऱ्याची वेळ झाली.

सगुणा क्षीण आवाजात म्हणाली, "जावा तुमी. माझ्यापायी मामंजींचा नेम मोडू नगा."

बिचाऱ्याच्या जिवाची किती ओढाताण झाली असेल! शेजारणीला बसवून तो धावतच देवळात गेला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. "बाबा, वीणा घ्यावी तर तिकडं सगुणाचा जीव जातोय, आन् न घ्यावी तर नेम. काय करू?"

महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लिंबाजी, गळ्यात घेतलेली वीणा दुसरा हात आल्याशिवाय खाली ठेवतात का रे?"

"न्हाई, बाबा."

"मग लग्नात जी हाती घेतलीस, ती आज कुणाच्या हातात देऊन इथं आलास? जा. आज तुझा पहारा तुझ्या घरात. नाम घे, गोळी चुकवू नकोस, आणि डॉक्टर सांगतील ते देवाचं म्हणून ऐक. त्यांच्या हातालाही गुण त्यानंच दिलाय."

लिंबाजी डोळे पुसत माघारी गेला. जयवंतराव मात्र भडकले. "महाराज, असं लाडावलं तर सप्ताह बुडायचा! माझी घरची तापानं फणफणली होती, तवा मी देवळाची पायरी उतरलो नव्हतो. आणा ती वीणा, मीच उभा राहतो." आधीच्या माणसाकडून त्यांनी वीणा जवळजवळ ओढूनच घेतली आणि ऐटीत तारेवर बोट फिरवले.

वीणा वाजली नाही!

त्यांनी पुन्हा छेडली. तारा थरथरत होत्या, पण आवाज काही निघेना. खुंट्या पिळून झाल्या, तारा तपासून झाल्या. टाळकरी थांबले. जयवंतरावांच्या कपाळावर घाम आला. महाराज शांतपणे उठले आणि म्हणाले, "देशमुख, जिथं पहारा चालू आहे तिथं वीणा गेली असेल. चला, बघून येऊ."

वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन जयवंतराव महाराजांमागे निघाले. कासारआळीच्या तोंडाशीच त्यांचे पाय थबकले. लिंबाजीच्या घरातून वीणेचा स्वर येत होता. स्वच्छ, सुरात आणि अगदी गोड!

ते दारात जाऊन पाहतात तो काय, घरात वीणा नाहीच. खुंटीला बांगड्या टांगलेल्या. लिंबाजी घडी भिजवी, पिळी, सगुणाच्या कपाळावर ठेवी आणि 'राम कृष्ण हरी' म्हणे. प्रत्येक नामाबरोबर स्वर उमटत होता. त्या वेड्या माणसाला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. त्याचे सारे लक्ष तिच्या श्वासाकडे होते.

इतक्यात सगुणाच्या अंगाला घाम फुटला. तिने डोळे उघडले. "अवो, कोण वाजवतंय? लई गार वाटतंय बगा."

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी जखम साफ केली, सुई टोचली आणि म्हणाले, "धोका टळलाय. अशी सेवा झाली म्हणून निभावलं." पण त्याआधी, दुपारीच, जयवंतराव त्या दारात मान खाली घालून उभे होते. लिंबाजी त्यांच्यासाठी घोंगडी पसरायला उठला, तर ते घाईने म्हणाले, "तू उठू नगंस. तुझा पहारा चालू हाय."

मग ते सरळ घरी गेले आणि दळणाला बसलेल्या आपल्या बायकोला त्यांनी विचारले, "तुला बरं वाटतंय ना?" उभ्या संसारात हा प्रश्न तिने पहिल्यांदाच ऐकला. ती माउली जाते सोडून उठली आणि यांनाच ताप आला की काय म्हणून तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला! जयवंतरावांना रडू आवरले नाही.

काल्याच्या दिवशी सगुणा भिंतीचा आधार घेत देवळात आली. हात वाळले होते, तरी लिंबाजीने खुंटीवरच्या त्याच बांगड्या महाराजांसमोर तिच्या हातात भरल्या. शेवटच्या पहाऱ्याची वीणा जयवंतरावांच्या गळ्यात होती. ती त्यांनी उतरवून लिंबाजीच्या गळ्यात घातली, आणि सारा गाव बघत असताना देशमुखांची ती न वाकणारी कंबर वाकली. कपाळ कासाराच्या पायांवर टेकले.

लिंबाजी गडबडून त्यांना उठवू लागला, तसे महाराज म्हणाले, "राहू दे, लिंबाजी. सात दिवसांत आज पहिल्यांदा ते देवळात आलेत."