खोप्याची चाळण

डोंगराआडच्या एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्यात एक बेडकी राहत असे. त्या वर्षी तिला पुष्कळ पिल्लं झाली होती. पाय न फुटलेली, नुसती शेपटी हलवत फिरणारी. मुलांनो, मोठ्यांना सगळं कळतं असं तुम्हाला सांगितलं असेलच. त्या जंगलातल्या लहानांनाही तेच सांगितलं होतं.

ऊन तापलं की तळ्यावर हिरवा थर चढायचा आणि ते पाणी पिऊन सगळ्यांची पोटं बिघडायची. यात खोटं काही नव्हतं. हरणीचं एक पाडस त्यातच गेलं होतं. त्यामुळे कोल्हा धबधब्याखालचे चकाकते दगड एकमेकांवर घासून त्यांची पूड घेऊन आला, तेव्हा सगळे धावले. पूड अशी बारीक, की पानावर ढीग दिसायचा, पण फुंकर मारली की कुठे गेली ते कुणाला सांगता यायचं नाही. "एवढी तळ्यात टाका," कोल्हा म्हणाला, "उद्या सकाळी तळाचे गोटे दिसतील."

जंगलात नवी वस्तू आली की ती थोरांच्या सभेपुढे जायची. सभा म्हणजे एक हत्ती आणि एक कासव. तपासणी ठरलेली असे. सुगरणीनं सोडून दिलेला एक जुना खोपा फांदीला टांगला होता, त्यातून वस्तू चाळायची. काटा, खडा, किडा, जे अडकेल तो दोष. काहीच अडकलं नाही, की हत्ती सोंड वर करायचा आणि वस्तू निर्धोक ठरायची. हत्तीच्या आजोबांच्या काळापासून हेच चालत आलेलं. त्या काळी जंगलात नवीन यायचं ते म्हणजे बिया आणि मुळं, तेव्हा चाळण पुरतही असेल.

कोल्ह्यानं पूड खोप्यात ओतली. पूड सरळ खाली. खोप्यात एक कणसुद्धा राहिला नाही.

"वा!" कासव म्हणालं. "शंभर वर्षांत इतकी निर्मळ वस्तू पाहिली नाही."

"आजोबा, थांबा," बेडकी पुढे आली. "ती अडकली नाही, कारण ती चाळणीच्या भोकांपेक्षा बारीक आहे. म्हणून ती चांगली कशी ठरते? तुम्ही सगळे पाणी तोंडानं पिता, मी कातडीनं पिते. माझी पिल्लं तर त्यातच वाढताहेत. आधी त्या पलीकडच्या डबक्यात टाका. मी स्वतः त्यात बसते, या पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत. जगले, तर खुशाल तळ्यात टाका."

"महिनाभर?" हरणी उसळली. "तोवर माझं दुसरं पाडस घालवू का? तुला काय गं, तुझं सगळं आयुष्य चिखलात! स्वच्छ पाणी तुला सोसायचंच नाही."

सगळे हसले. हत्तीही हसला. "पोरी," तो म्हणाला, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून ही चाळण आहे. आम्हाला शिकवू नकोस." आणि त्यानं सोंड वर केली.

दुसऱ्या दिवशी तळ्याचे गोटे खरंच दिसू लागले. पोटं दुखायची थांबली. कोल्ह्याला पाणवठ्यावरची सावलीची जागा मिळाली. हत्तीनं तर तळ्यात स्वतःचं प्रतिबिंब पाहण्यात सकाळ घालवली.

पाचव्या दिवशी बेडकीची पिल्लं सरळ पोहेनात. जागच्या जागी गोल फिरायची, मग दमून बुडायची. पाणी इतकं नितळ झालं होतं, की तळाशी पडलेलं एकेक पिल्लू तिला काठावरून ओळखू येत होतं. आठवड्यानं मासे उताणे तरंगू लागले. मग एका सकाळी हरणी आली आणि बेडकीशेजारी बसली. तिचं पाडस उभं राहत नव्हतं.

दोघी सभेपुढे गेल्या. सभेनं काय केलं असेल? तळ्याचं पाणी आणवलं आणि खोप्यात ओतलं. खोप्यात काही राहिलं नाही.

"पाण्यात दोष नाही," कासव म्हणालं. "यंदाची पिल्लंच अशक्त निपजली असतील."

बेडकी कोल्ह्याला शोधत निघाली. तो सावलीच्या जागेवर नव्हता. पलीकडच्या डबक्यात तोंड घालून तो गढूळ पाणी पीत होता.

"इथे पितोस?" बेडकीनं विचारलं. "म्हणजे तुला माहीत होतं!"

"नाही गं. त्या पुडीनं काय होईल ते मला माहीतच नव्हतं," कोल्हा मिशा पुसत म्हणाला, "म्हणून तर इथे पितो."

"मग आता ती काढ पाण्यातून."

"टाकता येते. काढता येत नाही."

"हे सभेत का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं होतं? मी कोल्हा आहे. नवं काही दिसलं की मी आणणारच. थांबवायचं काम ज्यांचं होतं, त्यांनी चाळण हलवली आणि सोंड वर केली."

बेडकी परत तळ्यावर आली. बुडी मारून तिनं तळाचं एक पिल्लू वर आणलं, तोंडात धरून झाडावर चढली आणि ते खोप्यात ठेवलं. ते खाली पडलं नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "बघा. अडकलं."

हत्तीनं खोप्यात डोकावून पाहिलं. कासवानंही मान लांब केली.

मग हत्ती म्हणाला, "ते झटकून टाका रे कुणीतरी. कोल्हा उद्या आणखी एक पूड आणतोय, चाळण लागेल."

तात्पर्य : जी वस्तू एकदा सोडली की परत काढता येत नाही, ती आधी डबक्यात टाकून पाहावी, आणि तपासणारे वयानं कितीही थोर असोत, सर्वांत आधी त्यांची चाळण तपासावी, कारण तिच्या भोकांतून जे निसटतं त्याची किंमत लहानांनाच मोजावी लागते.