वाळवीनं घातलेलं छप्पर

माणसानं पहिलं कोठार बांधलं, त्याच्याही आधीची ही गोष्ट. एका बाभळीखाली मुंग्यांचं बीळ होतं. एकीनं दाणा आणायचा, दुसरीनं सोलायचा, तिसरीनं कोठीत रचायचा, अशी त्यांची रीत. वाट उघडी होती. कुठं खोळंबा झाला की जवळची मुंगी खुशाल वाट वळवून घेई.

मुंग्यांतल्या थोरल्या कोंडाईला मात्र हा रोजचा बदल गबाळा वाटे. शेजारच्या वाळवीची मातीनं लिंपलेली बंद वाट बघून ती हरखली आणि तिनं वाळवीकडून मुंग्यांच्या वाटेवरही तसंच छप्पर घालून घेतलं. वाळवीनं बजावलं, "माझ्या लिंपणाला कुणी तोंड लावायचं नाही." कोंडाई हो म्हणाली.

एक दिवस कोठीत दाणे येईनात. आत गेलेल्या मुंग्याही परतेनात. कोंडाई धावत वाळवीकडे गेली. "ताई, कुठं अडलंय ते बघा ना!"

"हातातलं काम टाकून कशी येऊ? थांबा जरा," वाळवी म्हणाली.

कोंडाई परतली. छपराखालून बारीक खरखर ऐकू येत होती. मग तिनं दिलेला शब्द बाजूला ठेवला आणि लिंपणाचा लचका तोडला. आत एका वळणावर टरफलांचा ढीग साचला होता आणि त्यामागं मुंग्या गुदमरत होत्या.

दाणे सोलणारी मुंगी धापा टाकत बाहेर आली. "हे वळण मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं, आजी."

"मग सरळ का नाही केलंस?"

"वर तुमचं छप्पर होतं ना."

 कोंडाई उरलेलं छप्पर फोडायला लागली.