जयजयकाराने तापलेलं यंत्र

चंदनगडच्या राजवाड्यातला संगणक तापला, तो काही केल्या निवेचना! प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकला. बाहेर दाखल्यांसाठी वेशीपर्यंत रांग, आणि आत यंत्राची नुसती घरघर. प्रधानजींनी तीनदा नवं, आणखी मोठं यंत्र आणलं. तिन्ही तापली. बर्फ लावला, होम केला, प्रधानजींनी परदेश दौरासुद्धा केला. उपयोग शून्य!

शेवटी महाराज विक्रांतसेन कडाडले, "हिरोजी! नवं यंत्र मिळणार नाही. हे बंद करायचं नाही. माझं एकही काम थांबवायचं नाही. सूर्यास्तापर्यंत ते गार झालं पाहिजे, नाहीतर तू राज्याबाहेर!"

यंत्र सांभाळणारा हिरोजी रडवेला होऊन थोरल्या बहिणीकडे पळाला. तुळसा राजवाड्याची परटीण. एकुलता एक भाऊ! हातातलं धुणं टाकून तिनं विचारलं, "अरे, यंत्र एवढं राबतंय तरी कशापायी, ते पाहिलंस का?"

"नाही अक्का. प्रधानजी म्हणाले, यंत्रच लेचंपेचं आहे."

"त्या बिचाऱ्याला कशाला नावं ठेवता! त्याच्या डोक्यावर कोणाचं ओझं आहे, ते बघ आधी."

दोघं यंत्रापाशी धावली. हिरोजीने चालू कामांची यादी उघडली. सगळ्यात वर एकच प्रश्न ठाण मांडून बसला होता: 'आज महाराजांचा जयजयकार किती जणांनी केला?' सिंहासनासमोरच्या पडद्यावरून तो क्षणाक्षणाला सुटत होता. दर वेळी यंत्र राज्याभिषेकापासून ऐकून नोंदवलेले सगळे जयजयकार पहिल्यापासून चाळायचं. उत्तर सापडण्याआधीच पुढचा प्रश्न हजर!

"नोंदींना तारखेच्या खुणा नाहीत का रे?"

"होत्या. प्रधानजींनी काढायला लावल्या. म्हणाले, पसारा दिसतो."

आता हे महाराजांना सांगायचं कुणी? तुळसा भलंमोठं गाठोडं घेऊन दरबारात शिरली. "महाराज, आज कोणता फेटा?"

"जांभळा."

तिनं एक कपडा उलगडला, झटकला, निरखला, बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. प्रधानजींची ठिगळाची तुमान निघाली, तेव्हा दरबाराला एकदम खोकला आला.

"अगं बाई, हे काय चालवलंयस?" महाराज ओरडले.

"तुमचं यंत्र शोधतं तसं शोधतेय! मध्येच 'सापडला का?' विचारा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करते."

"घरी अशीच शोधतेस?"

"छे हो! आम्ही परीट कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याची, धुऊन न जाणारी खूण करतो." तिनं नुसते कोपरे पाहिले आणि झटक्यात जांभळा फेटा ओढून महाराजांच्या हाती दिला.

"यंत्रातल्या नोंदींच्या खुणा मात्र प्रधानजींनी पसारा म्हणून काढायला लावल्या!" महाराजांनी त्या पुन्हा करायला सांगितलं. हिरोजीने नोंदींना तारखेच्या खुणा केल्या. प्रोसेसर शंभरावरून चाळिसावर, चाळिसावरून चारावर! आणि पडद्यावर पहिल्यांदाच उत्तर उमटलं: शून्य.

"एकानेही नाही?" महाराज लालबुंद झाले. "प्रधानजी, तुम्हीसुद्धा नाही?"

"विजय असो! विजय असो!" प्रधानजी घाईघाईने ओरडले.

तुळसा पुढे झाली. "महाराज, प्रजा पहाटेपासून तुमच्या दारात ताटकळतेय. अशात तोंडातून जयजयकार निघेल की शिव्या? शिव्या मोजायचं यंत्राला सांगितलं नव्हतंत, हे नशीब समजा! आता दाखले मिळू देत, मग बघा."

इतक्यात बाहेर पहिला दाखला मिळाला आणि आरोळी उठली, "महाराजांचा विजय असो!" पडद्यावर एकाचे दहा झाले, दहाचे शंभर!

महाराज इतके हसले, की डोक्यावरचा जांभळा फेटा डोळ्यांवर आला. "माग, काय हवं ते माग!"

"हिरोजीची नोकरी राहू दे. आणि तो प्रश्न दिवसातून एकदाच विचारा, तोही जेवण झाल्यावर."

"दिलं!" महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं तिच्या हाती ठेवलं. "आणि प्रधानजी, उद्यापासून राजवाड्याच्या कपड्यांना बिब्बा तुम्ही लावायचा!"